डीबीएसआधी गोळीची चाचणी: नक्की काय तपासतात?

माणकुराद_फोंडा:
बाबा ६४ वर्षांचे, पार्किन्सन होऊन ९ वर्षं झाली. सिंडोपा (लेव्होडोपाची गोळी) दर तीन तासांनी. गोळी उतरली की पाय जमिनीला चिकटतात, चढली की अंग वेडंवाकडं हलतं. न्यूरोलॉजिस्टनी डीबीएस (मेंदूत तारा घालून मशीनने हलका करंट देण्याचं ऑपरेशन) सुचवलंय, पण आधी गोळीची चाचणी करणार. त्यात काय पाहतात? ऑपरेशननंतर फिजिओथेरपी आणि मिरामारच्या समुद्रात पोहणं चालेल ना?

खाजन:
लेव्होडोपा साधारण १२ तास बंद ठेवतात. प्रामिपेक्सोलसारखी दुसरी गोळी असेल तर ती त्याहून आधी थांबवावी लागते, डॉक्टरांना विचारूनच. सकाळी हालचालींना गुण देतात: बोटं आपटणं, खुर्चीतून उठणं, चालणं. मग नेहमीच्या सकाळच्या डोसच्या साधारण दीडपट गोळी आणि तासाभराने पुन्हा तीच तपासणी. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त, म्हणून ५० वरून ३० वर आले तर ४० टक्के सुधारणा. किमान ३० टक्के तरी हवी. गोळी रिकाम्या पोटी. अंडं-मासळी आधी दिली तर प्रथिनांमुळे औषध नीट शोषलं जात नाही आणि निकाल उगाच वाईट येतो. मळमळीवर डॉमपेरिडॉन चालतं. मेटोक्लोप्रामाइड मात्र नको, ते पार्किन्सन वाढवतं.

यातली मेख अशी की गोळीने जे सुधरत नाही ते सहसा डीबीएसनेही सुधरत नाही. अपवाद कंपाचा. गोळी पूर्ण चढलेली असतानाही पाय चिकटत असतील किंवा तोल जात असेल, तर त्यासाठी ऑपरेशन करून हाती फारसं काही लागणार नाही. हे आधीच नीट बघून ठेवा.

दूधसागर:
ऑपरेशननंतर मशीन लगेच चालू करत नाहीत. तारा घालताना मेंदूला सूज येते, तेवढ्यानेच काही दिवस बरं वाटतं आणि सेटिंगचा अंदाज चुकतो. म्हणून दोन ते चार आठवडे थांबतात. सुरुवात बहुतेक १३० हर्ट्झ (सेकंदाला १३० स्पंदनं), प्रत्येक स्पंदन ६० मायक्रोसेकंदांचं. करंट अगदी कमी, मग थोडा थोडा वाढवत नेतात. बोलणं जड झालं किंवा तोंड एका बाजूला ओढलं गेलं, तर करंट शेजारच्या तंतूंत पसरतोय. करंट कमी करतात किंवा तारेवरचा दुसरा संपर्कबिंदू वापरतात. गोळ्या घाईने तोडू नका, माणूस अगदी निरुत्साही होतो.

खाजन:
फिजिओथेरपी चालेल, पण शेकासाठीचं डायथर्मी मशीन कधीच नाही, डीबीएस बंद असलं तरी. तारेच्या टोकाशी उष्णता साठून मेंदूला इजा होते. दुखऱ्या खांद्यावर सवयीने लावतात, म्हणून पहिल्याच दिवशी फिजिओथेरपिस्टला डीबीएसचं कार्ड दाखवा.

पोहण्याचं म्हणाल तर डीबीएसनंतर काही पट्टीच्या पोहणाऱ्यांना हात-पाय एका लयीत मारणंच जमेनासं झालं, असं झ्युरिकच्या डॉक्टरांनी नोंदवलंय. त्यामुळे आधी तलावात, कमरेएवढ्या पाण्यात, शेजारी माणूस ठेवून बघा. मिरामार नंतर.