मदत हवी आहे: ४० फुटी ट्रेलर मागे घेताना स्टेअरिंग नेमके केव्हा परतवावे?

नमस्कार मंडळी,

मी करवीर तालुक्यातला असून गेल्या दोन महिन्यांपासून ४० फुटी कंटेनरचा ट्रेलर चालवतो. त्याआधी पाच वर्षे सहाचाकी ट्रकवर होतो आणि कोल्हापूरच्या मार्केट यार्डातून गुळाचे रवे गुजरातला पोहोचवत असे. आता शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांमधून कास्टिंग भरून न्हावा शेवा बंदराला जावे लागते. महामार्गावर, अगदी खंबाटकीच्या घाटातसुद्धा, गाडी माझ्या हातात असते. अडचण सुरू होते ती कारखान्याच्या फाटकाशी, कारण तिथे ट्रेलर मागे घालून माल भरण्याच्या धक्क्याला लावायचा असतो.

मला उलट्या स्टेअरिंगचा नियम ठाऊक नाही, असे कृपया समजू नये. मामांच्या ट्रॅक्टरची दोनचाकी ट्रॉली मी पंधराव्या वर्षापासून उसाच्या फडात मागे घेत आलो आहे, त्यामुळे ट्रेलरची शेपटी डावीकडे न्यायची तर स्टेअरिंग आधी उजवीकडे फिरवावे लागते, हे हाताला न सांगता कळते. तरीही ट्रॉलीवर जे सहज जमते ते ट्रेलरवर का जमत नाही, याचा उलगडा मला होत नाही. मी स्टेअरिंग फिरवतो तेव्हा सुरुवातीला मागे काहीच हलत नाही. म्हणून मी आणखी फिरवतो, आणि मग शेपटी अचानक इतक्या वेगाने वळते की मी स्टेअरिंग परतवेपर्यंत उशीर झालेला असतो.

मागच्या आठवड्यात एका फाउंड्रीत नेमके हेच झाले. फाटक माझ्या डाव्या हाताला होते, रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लागलेल्या होत्या आणि पाठीमागे दोन गाड्या खोळंबल्यामुळे आतून घाई चालली होती. घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची इंजिनाची गाडी) आणि ट्रेलर इतके दुमडले की हवेचे पाईप ताणले गेले आणि कंटेनरचा कोपरा भिंतीला हातभर अंतरावर येऊन थांबला. किन्नर, म्हणजे गाडीवरचा मदतनीस, ओरडला म्हणून मी ब्रेक दाबला. तो त्या वेळी भिंत आणि शेपटी यांच्या मधोमध उभा होता, हे मला खाली उतरल्यावर दिसले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून जाणकारांना विनंती आहे. स्टेअरिंग परतवण्याची वेळ आरशात कशावरून ओळखावी? डाव्या बाजूचे फाटक असेल आणि शेपटी आरशातून दिसेनाशी होत असेल तर आपण काय करता? रविवारी सरावासाठी रिकामा ट्रेलर आणि मोकळे मैदान मिळणार आहे. तिथे सुरुवात कुठून करावी, हेही सांगावे.

प्रतिसाद

आपण दिलेल्या वर्णनावरून दिशा बरोबर आहे. चुकते ती वेळ, आणि तिचे कारण आपली ट्रॉलीच आहे. ट्रॅक्टरचा हूक मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे स्टेअरिंग हलताच तो बाजूला सरकतो आणि आखूड ट्रॉली लगेच वळते. घोड्यावर मात्र ट्रेलरची किंगपिन, म्हणजे ट्रेलर घोड्याला जोडणारी खीळ, मागच्या चाकांच्या जवळपास डोक्यावर बसते. आधी घोडा थोडा मागे जाऊन स्वतः तिरका व्हावा लागतो, तेव्हा कुठे ट्रेलरला धक्का बसतो. शिवाय किंगपिनपासून ट्रेलरच्या चाकांपर्यंतचे अंतर लांब असल्यामुळे त्या धक्क्याचा परिणाम दिसायला आणखी काही फूट जावे लागतात. आपण ज्याला ‘काहीच हलत नाही’ म्हणता, त्या काही फुटांतच खरे काम चाललेले असते, आणि तिथे आणखी स्टेअरिंग फिरवले की पुढचे सगळे बिघडते. २० फुटी ट्रेलर मिळाला तर तो पुन्हा याहून लवकर वळेल, हे आत्ताच लक्षात ठेवा.

आरशात शेपटीचा कोपरा पाहत बसू नका, ट्रेलरची मागची चाके पाहा, कारण ट्रेलर फिरतो तो त्यांच्याभोवती. अर्धा फेरा स्टेअरिंग फिरवा, एक्सलेटरला पाय न लावता क्लचवर गाडी रांगू द्या आणि थांबा. चाके हव्या त्या बाजूला कलू लागली, की हवा तेवढा कोन होण्याची वाट न पाहता तिथेच परतवायला सुरुवात करा. केवळ सरळ करून भागत नाही. शेपटी ज्या बाजूला चालली आहे त्याच बाजूला स्टेअरिंग न्यावे लागते, म्हणजे घोडा ट्रेलरच्या मागोमाग वळतो. सरळ मागे येताना ज्या आरशात ट्रेलर जास्त दिसू लागेल त्या आरशाकडे स्टेअरिंग वळवावे, एवढे पुरते. आणि कोन हाताबाहेर गेला असे वाटताच पुढे काढावे. पुढे जाताना ट्रेलर आपोआप सरळ होतो, आणि तीन वेळा पुढे काढण्यात कोणताही कमीपणा नाही.

डाव्या फाटकाविषयी माझे मत थोडे कडक आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून शेपटी उजवीकडे वळत असेल तर खिडकीतून मान काढून सगळे दिसते; डावीकडे वळली की उजव्या आरशात फक्त रस्ता उरतो आणि डाव्या आरशात ट्रेलरची बाजू. रस्त्याला दुभाजक नसेल तर पुढून वळून या आणि ते फाटक उजव्या हाताला घ्या, मग कितीही वेळ लागो. फाटकाच्या बाजूने गाडी पुढे नेऊन मग घोड्याचे तोंड डावीकडे टाकले, की मागे घेण्याआधीच शेपटी फाटकाकडे तोंड करून उभी राहते. तसा मार्गच नसेल तर हँडब्रेक लावून खाली उतरा, पाहा, परत चढा. किन्नरला डाव्या आरशात दिसेल अशाच जागी उभे करा आणि तो दिसेनासा झाला की त्याच क्षणी थांबा. शेपटी आणि भिंत यांच्यामध्ये त्याला कधीही उभे राहू देऊ नका. मागची वाहने खोळंबली तर खोळंबू द्या.

रविवारी फक्कीने शंभर फुटांच्या दोन समांतर रेषा मारा आणि अर्धा दिवस फक्त त्यांच्यामधून सरळ मागे या. वळण त्यानंतर, आणि तेही उजवे.

धागाकर्ता

काका, मनःपूर्वक आभार. रविवारी आपण सांगितले तसेच केले. पहिल्या दहा वेळा मी रेषा ओलांडली. मग अर्धा फेरा देऊन नुसते थांबायला लागलो, आणि ट्रेलर खरोखरच चार-पाच फुटांनंतर हळूहळू कलताना दिसला. दुपारपर्यंत सलग सहा वेळा दोन्ही रेषांच्या आतून आलो. उजवे वळण मात्र अजून कच्चे आहे: जुन्या टायरांचे फाटक करून पाहिले, तर शेपटी आत शिरते, पण घोडा सरळ व्हायला समोरची जागा अपुरी पडते. मी पुढून घोडा डावीकडे टाकताना फार उशिरा टाकतो, की ट्रेलरचा कोन जास्त होतो? कोणी मैदानावर फक्कीने आखता येईल असे अंतर सांगू शकेल का? किन्नरलाही मी त्याची जागा फक्कीनेच आखून दिली आहे.