क्रिएटिनिन ३.२, ईजीएफआर २२ : फिस्टुला आत्ताच करायचा का?

काटोल_रोड :

नमस्कार. बाबांचं वय ५८, वजन ६२ किलो, शुगर १४ वर्षांपासून. चौदा महिन्यांपूर्वी क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साचणारा टाकाऊ पदार्थ) २.१ होतं, या आठवड्यात ३.२ आलं. ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) २२, एसीआर (लघवीतून जाणाऱ्या प्रथिनाचं माप) ९४०, हिमोग्लोबिन ९.१, पोटॅशियम ५.६, बायकार्बोनेट १८. बीपी १५०/९० च्या आसपास. पायावर थोडी सूज असते. जेवण नीट आहे, उलटी-मळमळ नाही, दम लागत नाही.

गोळ्या : बीपीची टेल्मिसार्टन ४०; शुगरच्या मेटफॉर्मिन ५०० दोनदा, ग्लिमेपिराइड. गुडघे दुखले की डायक्लोफिनॅक घेतात. दोन महिन्यांपासून कोणीतरी दिलेली "किडनी साफ करायची" पुडीही चालू आहे.

नागपूरच्या धंतोलीतल्या डॉक्टरांनी फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी हातावर करतात ते ऑपरेशन) करून ठेवा म्हणून सांगितलं. घरचे घाबरलेत, एकदा हात कापला की डायलिसिस मागे लागतं म्हणतात. डायलिसिस लगेच लागणार का? पाण्याचं डायलिसिस नि मशीनचं, यातलं कोणतं बरं? आणि घरची संत्र्याची बाग आहे, मृग बहाराची फळं उतरत आहेत. बाबा रोज चार-पाच खातात. बंद करायची का?

रिपोर्ट_वाचक :

भाऊ, आकडे पूर्ण दिलेत ते चांगलं केलं. पहिल्यांदा हे पाहा की २.१ आणि ३.२ मधला फरक दिसायला एकचा आहे, पण ईजीएफआरमध्ये तो साधारण ३६ वरून २२ असा पडतो. वर्षाला ५ पेक्षा जास्त घसरण म्हणजे वेग जास्त. शुगरने एवढा वेग येऊ शकतो, विशेषतः एसीआर ९४० असताना. तरी "शुगरचीच किडनी आहे" म्हणून इथे थांबू नका. काही गोष्टी सुधारता येण्यासारख्या असतात, त्या आधी शोधायच्या.

सोनोग्राफी करा आणि त्यात लघवी करून झाल्यावर मूत्राशयात किती उरते ते मोजायला सांगा. या वयात प्रोस्टेटमुळे लघवी तुंबून क्रिएटिनिन चढतं, आणि अडथळा काढला की ते उतरूही शकतं. लघवीची साधी तपासणीही हवी. त्यात रक्तपेशी भरपूर दिसल्या तर शुगरपेक्षा वेगळा आजार असू शकतो आणि बायोप्सीचा विचार होतो. डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. पडद्यावर शुगरचा काही परिणाम नसेल तर किडनीचं कारणही दुसरं असण्याची शक्यता वाढते.

डायक्लोफिनॅक आजपासून बंद. आयब्युप्रोफेन, एसिक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन सगळी त्याच जातीची. किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी बारीक नळी या गोळ्यांनी आवळते आणि टेल्मिसार्टनने बाहेर जाणारी नळी सैल होते. दोन्ही एकत्र आले की गाळणीतला दाबच पडतो. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल, शेक, लावायचं मलम. पुडीही बंद. तिच्यात काय आहे ते कोणालाच माहीत नाही. पारा, शिसं असलेली भस्मं आणि ॲरिस्टोलोकिक ॲसिड असलेल्या वनस्पती किडनी कायमची खराब करतात. ती पुडी फेकू नका, डॉक्टरांना नेऊन दाखवा.

मेटफॉर्मिन ईजीएफआर ३० च्या खाली घेत नाहीत, तेव्हा त्याबद्दल याच आठवड्यात विचारा. ग्लिमेपिराइडवर लक्ष ठेवा : किडनी मंदावली की शरीरातलं इन्सुलिन जास्त वेळ टिकतं आणि पहाटे शुगर एकदम खाली जाते. पहाटे घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं तर आधी शुगर मोजा. लिनाग्लिप्टिन या शुगरच्या गोळीचा डोस किडनीमुळे बदलावा लागत नाही, म्हणून ते बरेचदा देतात. हिमोग्लोबिन ९ असताना एचबीएवनसीवर (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) फार भिस्त ठेवू नका, घरच्या मशीनचे आकडे लिहून ठेवा.

डापाग्लिफ्लोझिन १० हे औषध ईजीएफआर २० किंवा वर असेपर्यंत सुरू करता येतं आणि घसरणीचा वेग कमी करतं. बाबा २२ वर आहेत. पुढच्या भेटीत हे विचारायला विसरू नका, दोन महिन्यांनी ती वेळ निघून गेलेली असू शकते.

टेल्मिसार्टन मनाने बंद करू नका. असं औषध सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर चार आठवड्यांत क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत चढलं तरी ते चालवून घेतात. पोटॅशियम ५.६ आहे, ते आधी फिरून तपासा, कारण नमुना नीट काढला नाही आणि नळीत पेशी फुटल्या तर आकडा खोटा चढतो. खरंच चढलेलं असेल तर बायकार्बोनेट १८ वर आहे ते सोडाबायकार्बच्या गोळ्यांनी वर आणणं, पोटॅशियम बांधणारी पावडर आणि आहार हे आधी; टेल्मिसार्टनचा डोस कमी करायचा विचार त्यानंतर. ६ च्या वर गेलं किंवा पाय एकदम गळून गेल्यासारखे वाटले तर त्याच दिवशी ईसीजी. तिथे सकाळची वाट पाहायची नाही.

डायलिसिस लगेच लागणार का? या आकड्यांवर नाही. क्रिएटिनिन अमुक झालं म्हणून डायलिसिस सुरू करत नाहीत. न थांबणारी मळमळ, वजन उतरणं, औषधाला दाद न देणारी सूज किंवा दम, न उतरणारं पोटॅशियम, ही कारणं असतात, आणि बहुतेकांना ती ईजीएफआर ५ ते १० दरम्यान येतात. फक्त आकड्यासाठी लवकर सुरू करून आयुष्य वाढत नाही.

मशीनखोली :

फिस्टुलाचं मी सांगतो, कारण याच भीतीने लोक उशीर करतात आणि मग रात्री दम लागला म्हणून मानेत कॅथेटर, म्हणजे नळी, टाकून डायलिसिस सुरू होतं.

फिस्टुला म्हणजे मनगटाजवळ किंवा कोपराजवळ धमनी शिरेला जोडणं. धमनीच्या दाबाने शीर फुगते, जाड होते, तेव्हा कुठे तिला सुया टोचता येतात. याला कमीत कमी ६ ते ८ आठवडे लागतात, शुगरवाल्यांना तीन महिनेही लागू शकतात. काहींचा पहिला फिस्टुला पिकतच नाही, फिरून करावा लागतो. म्हणून ईजीएफआर १५ ते २० च्या दरम्यान करायला सांगतात, आणि बाबांचा वेग पाहता डॉक्टर बरोबर बोलताहेत. फिस्टुला नुसता तयार ठेवला म्हणून डायलिसिस सुरू होत नाही. तो वर्षभर तसाच राहिला तरी वाया गेला असं समजू नका.

एक काम आजच करा. बाबा उजव्या हाताने काम करत असतील तर डावा हात राखून ठेवा. त्या हाताला रक्त काढणं नाही, सलाईन नाही. रक्त काढायचं तर उजव्या हाताच्या पंज्याच्या मागच्या शिरेतून. लॅबवाला आला की पहिलं बोट कोपराच्या शिरेवरच ठेवतो, त्याला आधीच सांगा. ऑपरेशनच्या आधी दोन्ही हातांच्या शिरांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) होतो. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक शीर असेल तर मनगटाचा नाद सोडून वर कोपराशी करतात.

झाल्यावर रोज सकाळी-रात्री बोटं ठेवून पाहायचं. हाताखाली मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागली पाहिजे. तिचा आवाज कानालाही येतो. थरथर थांबली तर फिस्टुला गोठला. त्याच दिवशी सर्जनकडे. काही तासांत गेलात तर तो वाचायची संधी असते, दोन दिवसांनी सहसा नाही. त्या हाताला बीपीचा पट्टा, घट्ट घड्याळ, कडं काहीच नको. झोपताना हात डोक्याखाली घेऊ नये. बागेत क्रेट उचलायचे तर दुसऱ्या हाताने. टाके सुकले की मऊ चेंडू दाबायचा व्यायाम. बोटं गार, निळसर पडून दुखायला लागली तर पंजाचं रक्त फिस्टुलाकडे पळतंय असं समजा आणि दाखवा.

कॅथेटर वाईटच असं नाही, जीव वाचवतं. पण ती नळी थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असते. डायलिसिस सुरू असताना थंडी वाजून ताप आला की तो नळीतला जंतू आहे असं आधी धरतात.

आणि हिपॅटायटिस बी ची लस आत्ताच सुरू करा. किडनीच्या रुग्णांना दुप्पट डोस, ४० मायक्रोग्रॅम, ०, १, २ आणि ६ महिन्यांनी. नंतर अँटीबॉडी १० च्या वर गेल्या का ते तपासतात. आजार वाढला की लस कमी लागू पडते.

ताटवाटी :

संत्र्याबद्दल. सोललेल्या संत्र्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १७० ते १८० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. एक मध्यम फळ म्हणजे तेवढंच धरा. चार-पाच खाल्ली तर ८०० च्या आसपास एकट्या संत्र्यातून. पोटॅशियम ५.६ असेपर्यंत पूर्ण बंद ठेवा. ५ च्या खाली आलं की दिवसाआड एक, तेही डॉक्टरांना विचारून. रस कधीच नको, एका ग्लासात तीन-चार संत्री जातात. तोवर सफरचंद, पेर. केळ, पेरू, शहाळं बंद. कमरख, म्हणजे ते पाच धारांचं आंबट फळ, एकही नको. त्यातलं विष किडनी बाहेर टाकू शकत नाही आणि उचक्या, भ्रम, झटके येतात.

आलू, रताळं शिजवायच्या आधी सोलून पातळ चकत्या करा, भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात पुन्हा उकळा, तेही फेका. निम्म्याच्या आसपास पोटॅशियम निघून जातं. नुसतं भिजवून तेवढं निघत नाही. पालेभाजीही उकडून पिळून घ्या. सांबार, म्हणजे कोथिंबीर, वरून भुरभुरायला चालतो. सांबारवडी ताटभर नको.

मिठात एक मोठी चूक होते. "कमी सोडियमचं मीठ" म्हणून जे मिळतं त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. बाबांसाठी ते घातकच. सैंधवही शेवटी मीठच आहे. दिवसभराचं सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा. तो चमचा सकाळीच एका डबीत काढून ठेवा आणि बाबांचं वरण, भाजी, पोळी सगळं त्यातूनच होऊ द्या. लोणचं, पापड, तर्री, सावजी रस्सा त्या डबीच्या बाहेरचे आहेत. पापडखार आणि पोट फुगलं की पितात ते फ्रूट सॉल्ट, दोन्हींत सोडियम आहे.

प्रथिनं ०.८ ग्रॅम प्रति किलो धरा, ६२ किलोला ५० ग्रॅम. सहा लहान पोळ्यांतून २०, एक वाटी घट्ट वरणातून ७, भात दोन वाट्या ५, दूध-दही मिळून ३०० मिली म्हणजे १०, एका अंड्याचा पांढरा भाग ३.५, भाज्यांतून ४. झाले. प्रथिनं पार तोडू नका. माणूस वाळतो, स्नायू झिजल्यामुळे क्रिएटिनिन कमी दिसतं आणि घरच्यांना वाटतं किडनी सुधारली. पुढे डायलिसिस लागलं तर हेच १ ते १.२ ग्रॅमवर न्यावं लागतं.

काटोल_रोड :

खूप आभार. डावा हात आजपासून राखतो, पुडी घेऊन उद्याच जातो. दोन गोष्टी राहिल्या. नागपूरला आठवड्यातून तीनदा येणं म्हणजे जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर. आणि आई ५४ वर्षांची आहे, किडनी द्यायला तयार आहे.

रिपोर्ट_वाचक :

मग क्रम उलटा करा, आईची तपासणी आधी. चांगला जिवंत दाता असेल तर डायलिसिसला हात न लावताही प्रत्यारोपण होतं, आणि ते सगळ्यात चांगलं. पहिल्यांदा रक्तगट. जुळत नसेल तरी दुसऱ्या जोडीशी अदलाबदल हा कायदेशीर मार्ग आहे. मग आईची शुगर, बीपी, लघवीतलं प्रथिन, सोनोग्राफी, आणि शेवटी सीटी अँजिओग्राफी. आईला शुगर निघाली तर बहुतेक तिथेच थांबावं लागतं, म्हणून महागड्या तपासण्या शेवटी. पत्नी कायद्याने जवळची नातेवाईक आहे, त्यामुळे परवानगी सोपी. लग्नाचा आणि ओळखीचा पुरावा लागेल, आधार-रेशनकार्डवरची नावं आत्ताच एकसारखी करून घ्या. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटीत किडनी प्रत्यारोपण होतं. महात्मा फुले योजनेत डायलिसिस आणि प्रत्यारोपण दोन्ही बसतात, रुग्णालयात योजनेच्या आरोग्यमित्राच्या टेबलावर विचारा. दाता बसला नाही तर मेंदूमृत दात्याच्या यादीसाठी रुग्णालयामार्फत नागपूरच्या झेडटीसीसीकडे (विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्र) नाव जातं.

हिमोग्लोबिन ९.१ आहे म्हणून कोणी रक्त चढवा म्हटलं तर आधी किडनीच्या डॉक्टरांना विचारा. परक्या रक्ताने शरीरात अँटीबॉडी तयार होतात आणि पुढे दाता जुळणं अवघड होतं. आधी लोहाची तपासणी, कमी असेल तर शिरेतून लोह, मग एरिथ्रोपोएटिन (हिमोग्लोबिन वाढवणारं इंजेक्शन). ध्येय १० ते ११.५, त्याच्या वर नेलं तर पक्षाघाताचा धोका वाढतो.

मशीनखोली :

सव्वाशे किलोमीटरचा प्रवास असेल तर पोटाच्या, म्हणजे तुम्ही म्हणता त्या पाण्याच्या, डायलिसिसचा विचार जरूर करा. पोटात मऊ नळी बसवतात, दोन आठवडे सुकू देतात. मग दिवसातून तीन-चार वेळा दोन लिटरची पिशवी भरायची, चार-सहा तास ठेवायची, काढायची. एका वेळेला अर्धा तास. पाहिजे काय, तर एक स्वच्छ खोली, बंद पंखा आणि कूलर, मास्क, साबणाने धुतलेले कोरडे हात, आणि पिशव्यांची खोकी ठेवायला सावलीची जागा. टिनाच्या शेडमध्ये मे महिन्यात ठेवू नका. निघालेलं पाणी छापील कागदावर धरून पाहा. अक्षरं धूसर दिसली, पोट दुखलं, तर संसर्ग. ती पिशवी घेऊनच दवाखान्यात या. पाणी बाहेर यायला वेळ लागत असेल तर बहुतेक वेळा कारण बद्धकोष्ठ असतं. शुगरवाल्यांनी हे लक्षात ठेवा की द्रवात ग्लुकोज असतं, १.५, २.५ किंवा ४.२५ टक्के, पिशवी जितकी तीव्र तितकं पाणी जास्त ओढते आणि शुगरही जास्त चढते.

ताटवाटी :

नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) यायच्या आत एक सांगून ठेवते. हगवण-उलटी लागली किंवा ऊन लागून खाणं-पिणं सुटलं, तर टेल्मिसार्टन, डापाग्लिफ्लोझिन आणि लघवीची गोळी तेवढ्यापुरती थांबवायची का ते त्याच दिवशी फोन करून विचारा. बहुतेक डॉक्टर खाणं सुरळीत होईपर्यंत एक-दोन दिवस थांबवायला सांगतात. अंगातलं पाणी कमी असताना याच गोळ्या किडनीला खाली ओढतात. ओआरएसमध्येही पोटॅशियम असतं, किती घ्यायचं ते त्याच फोनवर विचारून घ्या.

काटोल_रोड :

एरिथ्रोपोएटिन सुरू झालं तर इंजेक्शन काटोलपर्यंत न्यायचं कसं?

मशीनखोली :

२ ते ८ अंशांत. थर्मासच्या डब्यात बर्फाची पिशवी, तिच्यावर जाड टॉवेल, त्यावर इंजेक्शन. बर्फाला थेट टेकू देऊ नका, गोठलं की औषध निकामी होतं आणि बाहेरून ते कळत नाही. घरी फ्रीजच्या दारात नको, मधल्या फळीवर ठेवा. टोचायच्या आधी हलवायचं नाही, फेस आला तर ते वापरू नका. आणि प्रत्येक वेळी आधी बीपी मोजा. १६०/१०० च्या वर असेल तर त्या दिवशी न देता डॉक्टरांना फोन.