फॉक्सप्रो फेका म्हणणाऱ्यांनो, आधी आमचा पगार काढून दाखवा

भोसरीकर: काल इथे कुणीतरी लिहिलं की अजून फॉक्सप्रोवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या त्या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर, धंदा चालवणारे आळशी, सगळं क्लाउडवर टाका, तीन महिन्यांचं काम आहे. साहेब, आमच्या वर्कशॉपची चलनं आणि पगार १९९९ पासून त्याच निळ्या स्क्रीनवर निघतात. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा प्रोग्रामवाल्या काकांनी आठवडाभर ठाण मांडून बिलं बदलून दिली, आणि शेजारच्या शेडमध्ये नवीन ईआरपी (सगळा धंदा एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) घेतलेले दोन महिने हाताने बिलं फाडत होते.

पाषाणचा क्लाउडवाला: ती पोस्ट माझीच. मायक्रोसॉफ्टने २००७ लाच सांगितलं पुढची व्हर्जन नाही, २०१५ ला सपोर्टही संपला. एक डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रोची डेटा फाइल, दोन जीबीला टेकली की राम म्हणायचं. आणि काकांना उद्या काही झालं तर?

भोसरीकर: काकांचं नाव काढू नका. रोज पर्वती चढतात.

पतसंस्थेतली ताई: तुमचं चालू द्या, पण डेटा कसा हलवणार ते कुणीच बोलत नाही. आमच्या सभासदांची नावं जुन्या फॉन्टमध्ये, त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली, युनिकोडला, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-कोडला, ती नंतर लागते, रफार तर भलतीकडेच. कन्व्हर्टर चालवला आणि शिर्के झाले 'िशकेर्'. पासबुकावर तसंच छापलं. आजोबा काउंटरवर चष्मा पुसून पुसून बघत होते.

इनस्क्रिप्टवाला: हे होणारच होतं! इस्की, म्हणजे भारतीय लिप्यांचा प्रमाण कोड, १९९१ पासून आहे, त्यात वेलांटी नंतरच साठवतात. पण नाही, लोकांना दिसायला गोंडस फॉन्ट हवे होते. अजूनही इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकायला जीवावर येतं.

पतसंस्थेतली ताई: दादा, तो फॉन्ट घेतला तेव्हा मी चौथीत होते.

इनस्क्रिप्टवाला: तुम्हाला नाही हो, तुमच्या संचालकांना म्हणतोय.

पतसंस्थेतली ताई: मग त्यांना जाऊन सांगा. मला नावं हाताने तपासायचीत, 'म'पर्यंत आलेय.

पाषाणचा क्लाउडवाला: बरं, तीन महिने जरा जास्तच बोललो. एकदम नका फेकू. आधी फक्त पगार नव्यावर घ्या, दोन्हीकडे काढा, पैशापैशाचा ताळा जुळला की मगच जुनं बंद.

भोसरीकर: म्हणजे दुप्पट काम. वा! पण ठीक आहे, काकांकडून सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचं मूळ लिखाण, तेवढा मागून ठेवतो.

पाषाणचा क्लाउडवाला: थांबा, म्हणजे सोर्स तुमच्याकडे नाहीच?

भोसरीकर: काकांच्या कपाटात आहे ना. फ्लॉपीवर.