कुलूप दिसलं म्हणजे झालं, असं नाही

सूर्यफुलाच्या बियांच्या कुकीज ऑनलाइन विकणाऱ्या एका ताईंना सल्ला मिळालाय, की ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसतंय ना, मग ग्राहकांना काळजी नाही. थोडी भर घालतो.

ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली देवाणघेवाण वाटेत कुणाला वाचता येत नाही, इतकंच ते कुलूप सांगतं. साइट चालवणारा भला की भामटा, हे नाही. त्या कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र फसव्या साइटलाही फुकटात मिळतं. म्हणूनच क्रोमने 2023 मध्ये ॲड्रेस बारमधलं कुलूप काढून टाकलं.

खरी मेख दुसऱ्या कुकीत आहे, म्हणजे न खाण्याच्या. ग्राहक लॉगिन झाला की साइट त्याच्या ब्राउझरला सेशन कुकी देते, म्हणजे 'हा लॉगिन झालेला ग्राहक' अशी ओळख पटवणारी छोटी नोंद. ती देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडच्या बिल्ल्यासारखी: ज्याच्या हातात बिल्ला, त्याच्या चपला. कुकी चोरणाऱ्याला पासवर्ड लागतच नाही. त्यामुळे साइट करून देणाऱ्याला विचारा, सेशन कुकीवर 'सिक्युअर' (कुकी फक्त सुरक्षित जोडणीवरून जाते), 'एचटीटीपी-ओन्ली' आणि 'सेमसाइट' (दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीबरोबर कुकी जाण्यावर बंधन) या सेटिंग लावल्यात का? 'एचटीटीपी-ओन्ली' असलं की पानात घुसलेल्या स्क्रिप्टला, म्हणजे चोराने पेरलेल्या छोट्या प्रोग्रामला, ती कुकी वाचता येत नाही. उत्तर द्यायला तो चाचरला, तर माणूस बदला.

कार्डाचा नंबर मात्र वहीत, एक्सेलमध्ये, कुठेही ठेवू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर 2022 पासून दुकानदाराला तो साठवताच येत नाही, टोकन, म्हणजे नंबराऐवजी मिळणारा बदली कोड, चालतं. पेमेंट गेटवेवर, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेवर, सोपवून मोकळं व्हायचं.

आणि हो, साइटला जोडलेले जुने प्लगिन (जादा सोयींचे छोटे प्रोग्राम) आधी अपडेट करा. स्क्रिप्ट बऱ्याचदा तिथूनच घुसते.