शूमाकर थांबला तेव्हा तुम्ही कुठे होतात?

१० सप्टेंबर २००६. इटलीतली मोंझाची फॉर्म्युला-वन (एफ-वन) रेस जिंकली आणि फेरारीच्या मायकेल शूमाकरनं सांगून टाकलं, या हंगामानंतर मी थांबतोय. मी तेव्हा जळगावात, पिंप्राळ्याच्या आमच्या दोन खोल्यांत. संध्याकाळी लाइट गेलेली, त्यामुळे बातमी कळली ती दुसऱ्या दिवशी पेपरातून. मोठ्या भावानं पेपर माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "गेला तुझा लबाड." दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं.

सात विजेतेपदं आणि ९१ विजय सगळ्यांना पाठ आहेत. ज्यांवरून त्याला लबाड म्हणतात, ते १९९४चं अ‍ॅडलेड, १९९७चं हेरेझ, २००२चं ऑस्ट्रिया, २००६चं मोनॅको, हेही पाठ आहे. आणि त्यावर बोलल्याशिवाय या माणसावर बोलताच येत नाही. हेरेझला विजेतेपदाचा प्रतिस्पर्धी व्हिलनव्हच्या गाडीला त्याची गाडी धडकली. त्यावर मी इतकी वर्षं एकच सांगत आलोय: वळण उजवं होतं, तो वळला, व्हिलनव्ह मध्ये घुसला. भाऊ आजही मानत नाही. परवा साखरपुड्याच्या पंगतीत पुन्हा तोच वाद झाला, म्हणून हा धागा काढतोय. खानदेशात एफ-वन बघणारे थोडे, पण आहेत ते पक्के. तुमचं स्वतःचं लिहा. त्याला माफ केलंत की नाही, तेही लिहा.

चाळीसगावहून

शेवटची रेस, ब्राझील, २२ ऑक्टोबर. दिवाळीतला रविवार होता. आपल्याकडे रात्र झालेली, गल्लीत लडी लागत होत्या, कॉमेंट्री ऐकू येईना म्हणून मी टीव्हीला चिकटून बसलो होतो. दहावा निघाला होता. फिसिकेलाला मागे टाकताना मागचं डावं टायर गेलं. जवळजवळ अख्खी चक्कर रखडत टायर बदलायला पिटमध्ये आला आणि बाहेर पडला तो सगळ्यांच्या शेवटी. वडील म्हणाले, "झोप आता, काही राहिलं नाही त्यात." मी नाही झोपलो. एकेक करत तो वर येत गेला. शेवटच्या दोन-तीन चक्करींत समोर रायकोनेन, पुढच्या वर्षी त्याच्याच जागी फेरारीत येणारा. पिटच्या भिंतीला अगदी घासून तो आतून गेला. चौथा आला. रेस जिंकला त्याच्याच टीमचा मासा, हंगामाचं विजेतेपद प्रतिस्पर्धी अलोन्सोचं. पण त्या रात्री आईनं आणून ठेवलेल्या फराळाला मी सकाळपर्यंत हात लावला नव्हता. माफीबिफी मला विचारू नका, मी त्याच्याच बाजूचा.

धुळ्याहून

मी मिका हॅकिनेनमुळे रेस बघायला लागले, पुढे अलोन्सोमुळे बघत राहिले. मोनॅको २००६, शनिवारची क्वालिफाइंग, म्हणजे रेसला कोण कुठून निघणार ते ठरवणारी फेरी. शूमाकरची वेळ सगळ्यांत पुढे, मागून अलोन्सो त्याच्याहून जलद येतोय आणि हा रास्कासच्या वळणावर गाडी उभी करून बसला! धोक्याचे पिवळे झेंडे लागले, अलोन्सोची चक्कर वाया गेली. आमची आजी शेजारी वाती वळत बसली होती. तिला रेसमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ती टीव्हीकडे बघून म्हणाली, "हाऊ लबाड शे." पंचांना तेच कळायला रात्र झाली. शेवटी त्याला सगळ्यांच्या मागे धाडलं.

धागा काढणाऱ्या भाऊंना एकच विचारते. हेरेझची ती आतल्या कॅमेऱ्याची फीत तुम्ही शेवटची कधी पाहिलीत? ऐकीव नको, स्वतः पाहून सांगा.

भुसावळहून, लोको शेडमधला निवृत्त कारागीर

मुलाच्या नादानं बघू लागलो. जपानमधलं सुझुका, ब्राझीलच्या आधीची रेस. तो पुढे होता, विजेतेपद हातात येत होतं आणि इंजिनानं धूर सोडला. शर्यतीत त्याचं इंजिन २००० सालानंतर असं पहिल्यांदाच बसलं. मी घरात उभाच राहिलो. आमच्याकडे इंजिन लाइनवर फेल झालं, की पहिला प्रश्न येतो, शेवटचा हात कोणाचा होता? एकदा ते नाव माझं होतं. दोष माझा नव्हता, तो पुढे चौकशीत निघाला, पण त्या पंधरा दिवसांत डबा उघडायची इच्छा होत नसे. साहेबांपैकी एकही जण जवळ आला नाही.

हा माणूस गॅरेजमध्ये परत आला आणि मेकॅनिकांच्या पाठीवर हात ठेवत फिरला. एकेकाकडे गेला. बाकीचं तुम्ही तरुण मंडळी भांडा, मला तेवढं पुरे आहे.

सावद्याहून

मी केळीच्या ट्रकवर होतो, सावदा ते दिल्ली. ज्यानं भर पावसात रात्री भरलेली गाडी चालवलीय, त्यानं १९९६ची बार्सिलोना बघावी. फेरारीतला त्याचा पहिला विजय. इतकं पाणी, की पुढच्या गाडीचं नुसतं धुकं दिसतं, आणि तो दुसऱ्याच्या ४५ सेकंद पुढे. सुकी नदीच्या पुलाच्या अलीकडे, पावसात, रस्त्याची कड सापडेना म्हणून माझा क्लीनर खाली उतरून टॉर्च घेऊन पुढे चाललाय. त्यामुळे मला ते ४५ सेकंद कळतात.

पण ऑस्ट्रिया मला आवडलं नाही. त्याच्याच टीमचा बारिचेलो रेसभर पुढे, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात त्याला ब्रेक मारायला लावला. हुकूम टीमचा होता, मान्य. तरी घ्यायला नको होतं. पोडियमवर नंतर त्याला वरच्या पायरीवर चढवून काय उपयोग?

शिरपूरहून

थांबल्यावर परत यायलाच नको होतं. २०१० ते २०१२, तीन वर्षांत पोडियम एकच, तेही व्हॅलेन्सियाला तिसरा. आणि २०१०मध्ये हंगेरीत बारिचेलोला भिंतीकडे दाबलं ते बघून मी टीव्ही बंद केला.

जळगावहून

शिरपूरच्या भाऊ, तो परत आला म्हणून मी त्याला डोळ्यांनी बघितला. ऑक्टोबर २०११, दिल्लीजवळचं बुद्ध सर्किट. झेलम एक्सप्रेसनं दिल्ली गाठली होती. सात नंबरची चंदेरी मर्सिडीज पहिल्यांदा समोरून गेली तेव्हा आवाज कानात नाही, छातीत बसला. पाचवा आला. पुढे दोन वर्षांनी, २९ डिसेंबर २०१३ला, मेरिबेलला स्कीइंग करताना डोक्याला मार लागल्याची बातमी आली. माझ्याकडे त्या बुद्धच्या रेसचं तिकीट अजून आहे.

धागा काढणारा

धुळ्याच्या ताई, काल रात्री पाहिली. चार वेळा पाहिली. व्हिलनव्ह उजवीकडून आत आलेला आहे, गाडीला गाडी लागून, आणि शूमाकरचे हात उजवीकडे वळतात, थेट त्याच्या गाडीत. जागतिक मोटार महासंघानं त्याला त्या वर्षीच्या गुणतक्त्यातून काढलं तेव्हा म्हटलं होतं, की कृती जाणूनबुजून होती, पण उत्स्फूर्त होती, आधी ठरवलेली नव्हती. त्यातलं "उत्स्फूर्त" तेवढं मी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं.

सकाळी भावाला फोन करून सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "ब्राझीलची ती रायकोनेनवाली चक्कर पाठव रे, परत बघतो."