आयेल्ट्सच्या तोंडी परीक्षेत सायकल आली तर… तुमचे अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात भाचीचा सराव घेत होते. आयेल्ट्स म्हणजे इंग्रजीची परीक्षा, त्यातली तोंडी. पहिल्या भागात घर, काम, शिक्षण झालं की एखादा साधासुधा विषय येतो, म्हणून मी सायकल काढली. ही मुलगी बारावीपर्यंत रोज सायकलने क्लासला जायची, एकदा सायकल चोरीलाही गेली होती. उत्तर काय? "येस. सायकल इज गुड फॉर हेल्थ अँड एन्व्हायर्नमेंट." आणि गप्प! तोच प्रश्न मराठीत विचारला तर चोरीची गोष्ट संपेचना. कुलूप कसं कापलं, बाबा काय काय बोलले, आजीने गुपचूप नवीसाठी पैसे कसे दिले.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी : अख्खी तोंडी परीक्षा 11 ते 14 मिनिटांची, त्यात हा पहिला भाग 4-5 मिनिटांचा. गुण चार गोष्टींना, सारखेच : ओघ, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. सायकल चांगली की वाईट याला गुण नाहीत. परीक्षा दिलेल्यांनी, शिकवणाऱ्यांनी, घरच्यांचा सराव घेणाऱ्यांनी लिहा. सल्ले नकोत, अनुभव हवेत. (सल्ले येणारच, माहीत आहे.)

नाशिककर

मला "बाइक" विचारली. आपल्याकडे बाइक म्हणजे मोटारसायकल! लहानपणी बाइक होती का म्हटल्यावर मी ठणकावून "नो, इट इज इल्लीगल" सांगितलं आणि वर लायसन्सचं वय. बाई दोन सेकंद बघत राहिल्या. मग शहरात बाइक लोकप्रिय आहे का, तर मी माझ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज सांगत बसलो. बाहेर चहा पिताना ट्यूब पेटली. "डू यू मीन अ बायसिकल?" एवढं विचारलं असतं तर काही बिघडत नव्हतं. न कळलेलं विचारायला मुभा असते.

निवृत्त मास्तर

सल्ला नको म्हणालात, पण खोड जात नाही. आपली पोरं सायकलवर बोलताना अडतात ती क्रियापदांवर. मराठीत सायकल "चालवतो", गाडीही "चालवतो", म्हणून सर्रास "आय ड्राइव्ह सायकल". सायकल राइड करतात. आपण "सायकल शिकलो" म्हणतो, तिकडे "लर्न्ट टू राइड अ बाइक". हवा "भरतो" म्हणून "फिल्ड द एअर". त्याला "पंप अप द टायर्स" म्हणावं. चेन "पडली" म्हणून "चेन फेल". पडली कुठे? जागेवरच लोंबकळते की. "द चेन केम ऑफ". आणि "आय अ‍ॅम रायडिंग सिन्स चाइल्डहुड" तर इतक्यांदा ऐकलंय की मीच एकदा तसं बोललो. "आय हॅव बीन रायडिंग सिन्स आय वॉज अ चाइल्ड".

ठाण्याची

आणि बायसायकल नव्हे, बायसिकल! मोटारसायकलमध्ये सायकल आहे, बायसिकलमध्ये सिकल. माझी दुरुस्ती व्हायला दोन महिने लागले.

वॉर्ड नंबर 6

मी नर्स, मूळची यवतमाळ जिल्ह्यातली. इंग्लंडच्या नोंदणीसाठी बोलण्यात 9 पैकी 7 लागतात, पहिल्या वेळी 6.5 आले. क्लासच्या नोट्समध्ये सायकलचं उत्तर छापील होतं : "अ सस्टेनेबल टू-व्हील्ड मोड ऑफ कन्व्हेयन्स". मी ते धाडधाड म्हटलं. परीक्षकांनी मध्येच थांबवून विचारलं, शेवटची सायकल कधी चालवलीत? नोट्समध्ये ते नव्हतं. मी "यस्टरडे" म्हटलं. ड्युटी संपवून आले होते, सायकल गावाला, खोटं बोलले आणि पुढे तेच खोटं सांभाळत बसले.

दुसऱ्या वेळी क्लास लावला नाही. हॉस्टेलच्या गच्चीवर फोनवर रोज एक मिनिट रेकॉर्ड करायचे आणि परत ऐकायचे. ऐकणं भयंकर असतं. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये नऊ वेळा "अ‍ॅक्च्युअली". हळूहळू माझी खरी सायकल सांगायला लागले. आठवीत मानव विकासच्या सरकारी योजनेत मिळालेली, सीट माझ्यासाठी उंच, वाटेत चेन निघायची. शाळेत पोचेपर्यंत बोटं काळी आणि पहिल्या तासाला वहीवर डाग. हे सांगायला मला "सस्टेनेबल" लागलंच नाही. "ग्रीस", "स्टेन", "टू हाय फॉर मी", "एव्हरी अदर डे" लागलं. मैत्रीण म्हणाली, हे फार साधं वाटतं. मलाही भीती वाटत होती. निकाल 7.5.

अडीच तालुके

पण 7.5 ला थोडे भारी शब्द लागतातच ना? "कम्यूट", "कन्जेशन" वगैरे?

वॉर्ड नंबर 6

वापरा की, जिथे बसतात तिथे. कम्यूट मीही म्हटलं.

युट्रेक्टहून

इथे नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त, आणि माझ्या शहरातल्या स्टेशनखाली साडेबारा हजार सायकली मावतील एवढा तळ आहे. बहिणीला व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं, म्हटलं तिसऱ्या भागात शहरांबद्दल विचारलं तर सांग. तिने सरावात नेदरलँड्सचं पाठ केलेलं भाषणच दिलं, अगदी आकड्यांसकट. मग मी विचारलं, तुझ्या कोल्हापुरात लोक सायकल का सोडतात? म्हणाली, "बिकॉज नोबडी स्टॉप्स फॉर यू अ‍ॅट द क्रॉसिंग, अँड माय मदर वरीज अनटिल आय कॉल." माझे साडेबारा हजार फुकट गेले.

सांगलीचा

प्रश्न : हाफ पेडलला इंग्रजीत काय म्हणतात? बाबांची 22 इंची सायकल, पाय पोचायचे नाहीत, म्हणून दांडीखालून पाय घालून शिकलो. ते सांगायला गेलो की अडकतो.

निवृत्त मास्तर

शब्द शोधू नका, चित्र काढा. "द बाइक वॉज टू टॉल फॉर मी, सो आय पुट वन लेग थ्रू द फ्रेम, अंडर द बार, अँड पेडल्ड स्टँडिंग अप." आठवत नसलेला शब्द असा वळसा घालून सांगता येणं हेही शब्दसंपदेतच धरतात.

सांगलीचा

आणि डबल सीट?

निवृत्त मास्तर

"माय ब्रदर सॅट ऑन द बॅक." झालं.

धागाकर्ती

भाचीने हे सगळं वाचून नवं उत्तर दिलंय, तिच्या परवानगीने देते. "यस, आय यूज्ड टू राइड टू माय ट्यूशन एव्हरी डे, बट समवन कट द लॉक अँड स्टोल माय बाइक. माय फादर वॉज सो अँग्री दॅट ही डिडन्ट स्पीक टू मी अ‍ॅट डिनर. देन माय ग्रँडमदर सीक्रेटली गेव्ह मी द मनी फॉर अ न्यू वन, अँड फॉर अ वीक माय फादर ड्रोव्ह इट हिमसेल्फ टु चेक इफ इट वॉज सेफ."

निवृत्त मास्तर

छान. फक्त ड्रोव्ह नव्हे, रोड.

धागाकर्ती

तिला सांगितलं. विचारतेय, कुठला रोड?