नाकावरचे ब्लॅकहेड्स काढले तरी पुन्हा येतात, काय करावं?

शेवंती:
वय २१, त्वचा तेलकट, राहणं ठाण्यात. नाकावर बारीक करडे ठिपके, कपाळावर केसांच्या कडेने मात्र चांगले ठसठशीत काळे. दर महिन्याला पार्लरमध्ये वाफ देऊन काढून होतात, पण नाकावरचे तीन आठवड्यांत जसेच्या तसे. घरी तांदळाच्या पिठाचा स्क्रब चालू आहे. लिंबू आणि खायचा सोडाही लावून झाला, त्याने गाल लाल होऊन अजून चुरचुरतायत. हे कायमचे जातात का? मेडिकलमधून नेमकं काय आणायचं, किती लावायचं, किती दिवस? आणि डोक्याला रोज खोबरेल असतं, त्याचा काही संबंध?

बोरकूट:
नाक आणि कपाळ वेगळं धरा, दोन्हीकडचं दुखणं एक नाही.

नाकावर एकसारख्या अंतरावर असलेले, हाताला न लागणारे करडे ठिपके बहुतेक वेळा ब्लॅकहेड्स नसतातच. ते सिबेशियस फिलामेंट. तैलग्रंथीतलं तेल वर आणणारी ती वात समजा. प्रत्येकाच्या नाकात असते, तेलकट त्वचेत जास्त दिसते. दाबलं की शेवईच्या तुकड्यासारखा मऊ, पिवळट तंतू बाहेर येतो आणि काही आठवड्यांत जागा पुन्हा भरते. म्हणजे पार्लरचं काम कच्चं नाही, त्वचा आपलं काम करते आहे. हे फिकट करता येतात, कायमचे घालवता येत नाहीत.

खरा ब्लॅकहेड म्हणजे रंध्राच्या तोंडात बसलेलं बूच. वरचं टोक काळं, खाली मेणासारखा घट्ट भाग. बोट फिरवलं तर किंचित खरखरीत लागतो. मोबाईलच्या कॅमेऱ्यात झूम करून पाहा, फरक लगेच कळेल. त्याचा काळेपणा मळाचा नाही. तेल, मृत पेशी आणि मेलॅनिन (त्वचेचं रंगद्रव्य) यांना उघड्या तोंडातून हवा लागते आणि चिरून ठेवलेल्या वांग्यासारखं ते काळवंडतं. तांदळाच्या पिठाने कितीही घासा, वांगं पांढरं होणार नाही.

कपाळावरच्यांचा खोबरेलशी संबंध असण्याची दाट शक्यता आहे. घामाबरोबर तेल केसांच्या कडेने खाली उतरतं, रात्री उशीच्या अभ्र्यावरून पुन्हा चेहऱ्याला लागतं. ‘तेल बंद करा’ असं लिहायचं धाडस होत नाही, घरोघरी आज्या आहेत. पण न्हाण्याआधी दोन तास लावा, केसांच्या रेषेपासून दोन बोटं मागे ठेवा आणि त्याच दिवशी धुवा. कंडिशनर लावत असाल तर चेहरा सगळ्यात शेवटी धुवायचा. अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला.

काचकमळ:
औषधाबद्दल लिहितो. रंध्राच्या अस्तरातल्या पेशी सुट्या न गळता एकमेकींना चिकटतात, तिथून बूच सुरू होतं. तिथेच काम करणारं औषध म्हणजे अ‍ॅडापॅलिन ०.१ टक्का जेल. एकदा डॉक्टरांना चेहरा दाखवून चिठ्ठीवरच घ्या. गरोदरपणात किंवा तसा विचार असताना लावायचं नाही.

रात्री सौम्य फेसवॉशने चेहरा धुवून टिपायचा आणि १५-२० मिनिटं पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. ओल्या त्वचेवर आग जास्त होते. मग वाटाण्याएवढा जेल घेऊन कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके द्यायचे आणि पातळ पसरायचा. वाटाणा म्हणजे वाटाणाच, छोले नव्हेत. जास्त लावल्याने लवकर गुण येत नाही, सालपटं तेवढी वाढतात. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांच्या घड्या आणि ओठांचे कोपरे सोडा. फक्त दिसणाऱ्या ठिपक्यांवर लावू नका, कारण पुढची बुचं आत्ता दिसत नसतात.

पहिले दोन आठवडे एक रात्र आड, सोसलं तर रोज. फार कोरडं वाटलं तर आधी मॉइश्चरायझर लावून त्यावर जेल. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात चेहरा बिघडल्यासारखा दिसतो: कोरडेपणा, सालपटं, कधी नव्या पुटकुळ्या. बहुतेक लोक नेमके इथेच सोडतात. नीट फरक ८ ते १२ आठवड्यांनी दिसतो. नंतर डॉक्टरांना विचारून आठवड्यातून दोन-तीन रात्रींवर आणता येतं. पूर्ण थांबवलं की काही महिन्यांत बुचं परततात.

नाकासाठी २ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड. ते तेलात मिसळतं, म्हणून रंध्रात उतरतं. फेसवॉशमधलं अर्ध्या मिनिटात धुऊन जातं, त्यापेक्षा लावून ठेवायचं लोशन बरं. सुरुवातीला ते आणि जेल एकाच रात्री नको. सकाळी एसपीएफ ३० किंवा वरचं जेलसारखं सनस्क्रीन, दोन बोटांवर ओढलेल्या रेघांइतकं.

लिंबाचा पीएच (आंबटपणाचं माप, ७ च्या खाली आम्ल) साधारण २, सोड्याचा ८ च्या वर, त्वचेचा ५ च्या आसपास. एकत्र केल्यावर फसफसतं ते बघायला छान, पण जे जास्त पडलं असेल ते चेहऱ्यावर उरतं. चुरचुर पूर्ण थांबेपर्यंत साधं मॉइश्चरायझर, बाकी काहीही नको, स्क्रबसुद्धा.

पागोळी:
वरच्या सगळ्याला दुजोरा, फक्त एक भर. कपाळावरची जुनी, घट्ट बुचं नुसत्या जेलने फार रेंगाळतात. जेल महिना-दीड महिना लावला की ती सैल होतात, मग त्वचारोगतज्ज्ञाकडे काढून घ्यावीत. आत्ता पार्लरमध्ये उलटा क्रम चालू आहे, आधी ओढायचं आणि नंतर काहीच लावायचं नाही.

वाफेने रंध्रं ‘उघडत’ नाहीत, त्यांना दारं नसतात. बूच मऊ होतं एवढंच, आणि त्याला गरम पाण्यात पिळलेला रुमाल पाच मिनिटं पुरतो. बूच काढायची धातूची कडी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी निर्जंतुक केलेली हवी. दाब सरळ खाली, हलका, फार तर दोनदा. नाही आलं तर सोडून द्यायचं. पाणी किंवा रक्त दिसलं म्हणजे रंध्राची भिंत फुटली. माल आतच सांडतो, गाठ येते, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर तिचा डाग महिनोन्‌महिने राहतो. नाकावर चिकटवायच्या पट्ट्या वरची टोकं तेवढी उपटतात.

शेवंती:
खूप उपयोगी पडलं. घरात चेहऱ्याला लावायची एक अर्धी ट्यूब पडून आहे, ‘डागांसाठी’ म्हणून आणलेली. तोवर ती चालेल? आणि आजोबांच्या डोळ्यांच्या बाहेरच्या कडेला मोठमोठे काळे ठिपके आहेत, तेही हेच का?

काचकमळ:
ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही असेल तर ते स्टेरॉइड. डागांच्या बऱ्याच क्रीममध्ये हायड्रोक्विनोन (रंग फिकट करणारं) आणि ट्रेटिनॉइन (अ‍ॅडापॅलिनच्याच कुळातलं) यांच्या जोडीला ते असतं. आठवडाभर चेहरा उजळ दिसतो, पुढे त्वचा पातळ होते, केस येतात आणि एकसारख्या पुटकुळ्यांचं पीक येतं. लावू नका. घरात कुणी महिनोन्‌महिने लावत असेल तर एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना दाखवा, एकदम सोडल्यावर चेहरा भडकतो.

पागोळी:
आजोबांचं वेगळं असावं. वर्षानुवर्षं उन्हात काम, त्यात विडी-सिगारेट असेल तर डोळ्यांभोवतीची त्वचा जाड, पिवळसर, सुरकुतलेली होते आणि सैल रंध्रांत मोठी बुचं साचतात. याला फाव्हर-राकूशो म्हणतात. त्रास नसतो. डॉक्टर काढून देतात आणि ट्रेटिनॉइन देतात. घरी पिन लावू नका, डोळा जवळ आहे. ठिपक्यांत एखादा असा असेल की ज्याला रंध्राचं तोंडच नाही, जो वाढतोय किंवा ज्यातून रक्त येतं, तर तो ब्लॅकहेड समजून थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवून घ्या.